कोकण किनाऱ्यावरील दीपगृहे : स्वरूप, कार्य व जतन

प्रस्तावना :
अंधारात किनाऱ्याजवळ येणाऱ्या जहाजास खुल्या समुद्रापेक्षा खडकांचा धोका अधिक असतो. या धोक्याची सूचना देणे व खलाशास आपले स्थान निश्चित करण्यास साहाय्य करणे, हे दीपगृहाचे दुहेरी कार्य होय. प्रस्तुत लेखात कोकणच्या संदर्भात या कार्याचा विचार केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
थळजवळील खांदेरी बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये दुर्गबांधणी आरंभिली. मुंबई बंदराच्या मुखावर नजर ठेवणारे हे स्थान इंग्रजांना सलत होते. पुढे त्याच बेटावर १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईची जहाजवाहतूक वाढली आणि १८७५ मध्ये कुलाब्याच्या दक्षिणेकडील खडकांवर प्राँग्ज दीपगृह बांधले गेले. याच काळात जपाननेही १८६६ च्या व्यापारी करारान्वये पाश्चात्त्य पद्धतीची दीपगृहे उभारण्यास प्रारंभ केला. कान्नोनझाकी येथील दीप १८६९ मध्ये उजळला. दोन्ही किनाऱ्यांवरील या बांधकामांमागे वाढत्या सागरी व्यापाराची गरज होती.

कार्यपद्धती :
फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या भिंगामुळे १८२३ पासून दिव्याचा विखुरणारा प्रकाश एकत्रित झोतात आणणे शक्य झाले. दिवा स्थिर व भिंग फिरते ठेवल्यास दूरच्या निरीक्षकास ठरावीक अंतराने लखलखाट दिसतो. शेजारच्या दीपगृहांचा लखलखाटक्रम भिन्न ठेवला जात असल्याने खलाशी नकाशाच्या आधारे दीपगृह ओळखतो. पृथ्वीच्या वक्रतेमुळे दीपाची उंचीही महत्त्वाची ठरते. ४९ मीटर उंचीवरील दीप, समुद्रसपाटीपासून ४ मीटर उंचीवर डोळे असलेल्या तांडेलास सुमारे १९ सागरी मैलांवरून दिसू शकतो. पावसाळी धूसर हवेत मात्र हे अंतर बरेच घटते.

सद्यःस्थिती :
उपग्रहाधारित यंत्रणेमुळे दीपगृहांची आवश्यकता उरली काय, असा प्रश्न विचारला जातो. तथापि उपकरण बिघडल्यास अथवा संकेत खंडित झाल्यास लहान मच्छीमार नौकेस डोळ्यांना दिसणारी खूण हाच आधार असतो. १९२७ च्या दीपगृह कायद्याची जागा घेणाऱ्या २०२१ च्या कायद्यात वारसा दीपगृहांची तरतूद आहे. २०२५ मध्ये खांदेरी किल्ल्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

समारोप :
दुर्ग व दीपगृह हे एकाच सागरी इतिहासाचे दोन टप्पे आहेत. म्हणून जतनाचा विचार करताना वास्तूबरोबरच तिचा दीप कार्यरत राहणेही तितकेच अगत्याचे ठरते.