गॅरेजमध्ये गाडी बनवणारे लोक गाडीच्या आधी 'जिग' का बनवतात?

गाडी विकत घेणारे खूप असतात, गाडी मॉडिफाय करणारेही असतात. पण घराच्या गॅरेजमध्ये लोखंडी पाइप कापून, वेल्डिंग करून अख्खी गाडी उभी करणारे लोकही जगात आहेत. ब्रिटनमध्ये तर हा चांगला रुळलेला छंद आहे.

या छंदाचं मूळ आहे 'लोटस सेव्हन' ही छोटीशी, उघडी, दोन सीटची स्पोर्ट्स कार. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ती १९५७ साली आणली. ती सुट्या भागांच्या किटमध्येही मिळायची, कारण तयार गाडीवरचा कर त्यामुळे वाचायचा. १९७३ मध्ये लोटसने तिचे हक्क केटरहॅमला दिले. पुढे १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचं एक पुस्तक आलं. अवघ्या २५० पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार बनवा, असं त्याच्या नावातच सांगितलं होतं. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल घ्यायचा, आणि २५ मिलिमीटरच्या चौकोनी पाइपांची चेसिस घरी बनवायची, असा साधारण मामला. लोकांनी या गाड्यांना नाव दिलं 'लोकॉस्ट'. (२५० पौंडांत खरंच किती जणांची झाली, हा भाग वेगळा!)

चेसिसचा सांगाडा बनवणं वाटतं तितकं अवघड नाही. प्लायवूडच्या मोठ्या सपाट फळीवर रेघा मारायच्या, रेघांच्या कडेने लाकडी ठोकळे ठोकायचे, त्यांच्यामध्ये पाइप बसवायचे आणि वेल्डिंगचे टाके मारायचे. पाइप एखादा मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी गाडीचं फारसं बिघडत नाही.

खरी परीक्षा त्यानंतर, म्हणजे सस्पेन्शनचे ब्रॅकेट लावताना असते.

ब्रॅकेट म्हणजे नेमकं काय?

दोन समोरासमोरचे लोखंडी कान, जाडी साधारण ३ मिलिमीटर, दोन्ही कानांना भोक. या कानांच्या मध्ये चाकाला धरून ठेवणाऱ्या दांड्याचं टोक रबरी बुशसकट बसतं आणि आरपार बोल्ट जातो. बस, एवढंच. लोकॉस्टसारख्या गाडीत पुढच्या प्रत्येक चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन 'विशबोन' असतात. हे इंग्रजी A च्या आकाराचे दांडे. प्रत्येक विशबोन चेसिसला दोन ठिकाणी धरलेला असतो. म्हणजे पुढच्या दोन चाकांचे मिळूनच आठ ब्रॅकेट झाले. त्यात शॉकअपचे आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या दांड्यांचे धरले की आकडा दीड डझनाच्या आसपास जातो.

चाक खड्ड्यात उतरताना आणि वर येताना कोणत्या वाटेने हलेल, हे सगळं या दीड डझन ब्रॅकेटांच्या भोकांवर ठरतं. स्प्रिंग महागातली असो की भंगारातली, चाक फिरणार त्या भोकांभोवतीच.

पाच मिलिमीटरने काय होतं?

समजा, डाव्या बाजूचा खालचा विशबोन ठरलेल्या जागेपेक्षा ५ मिलिमीटर वर बसला. दिसायला काहीच फरक नाही. पण चाकाला वळवणारा स्टिअरिंगचा दांडा आपल्या जागीच आहे. आता चाक वर उचललं गेलं की विशबोन एका वर्तुळात फिरतो, स्टिअरिंगचा दांडा दुसऱ्याच वर्तुळात, आणि दोघांचं जमत नाही. या ओढाताणीत चाकच थोडं वळतं.

ढोबळ हिशेब करून पाहा. स्टिअरिंगचा दांडा ३५० मिलिमीटर लांब आणि चाक ५० मिलिमीटर वर उचललं गेलं, तर दांड्याच्या टोकाशी साधारण ०.७ मिलिमीटरचा फरक पडतो. चाकाला वळवणारा हात १२० मिलिमीटरचा धरला, तर चाक जवळपास एक तृतीयांश अंश वळतं. म्हणजे ड्रायव्हरने स्टिअरिंग घट्ट धरलंय, रस्ता सरळ आहे, आणि डावं चाक उंचवट्यावर चढताच गाडी स्वतःहून बाजूला ओढ घेते. याला 'बंप स्टिअर' म्हणतात. पाचशे-सहाशे किलोच्या हलक्या, उघड्या गाडीत वेग वाढला की ही ओढ चांगलीच जाणवते.

आणि वेल्ड झालेला ब्रॅकेट स्क्रूसारखा सोडवून परत बसवता येत नाही. ग्राइंडरने कापावा लागतो, आणि त्या भानगडीत मूळ पाइप पातळ होतो.

मग टेपने नीट मोजून लावला तर?

इथेच नवशिके फसतात. एक तर भोकाचा मध्य ही हवेतली जागा आहे. तिथे टेपचं टोक टेकवणार कुठे? दुसरं, ज्या पाइपापासून मोजतोय तो पाइपच मिलिमीटरभर सरकलेला असू शकतो.

तिसरी अडचण सगळ्यात चिवट आहे. वेल्डिंगचा वितळलेला धातू थंड होताना आकसतो आणि आकसताना शेजारच्या लोखंडाला आपल्याकडे ओढतो. ब्रॅकेटच्या एकाच बाजूने वेल्ड केलं की कान त्या बाजूला कलतो. कान फक्त दोन अंश कलला तरी ४० मिलिमीटर उंचीवरचं भोक जवळपास दीड मिलिमीटर सरकतं. म्हणजे अगदी अचूक मोजून लावलेला ब्रॅकेटही वेल्डिंग झाल्यावर त्या जागी राहत नाही.

घराचं बांधकाम पाहिलं असेल तर यावरचा उपाय लगेच कळेल. दाराची चौकट भिंतीत बसवण्याआधी सुतार तिच्या खालच्या बाजूला एक तात्पुरती आडवी पट्टी ठोकतो, म्हणजे भिंत चढेपर्यंत चौकटीचे पाय फाकत नाहीत. काम झालं की पट्टी काढून टाकायची. ती पट्टी म्हणजे जिगच. (काटेकोर बोलायचं तर हत्याराला वाट दाखवतो तो जिग आणि वस्तूला पकडून ठेवतं ते फिक्श्चर. पण वर्कशॉपमध्ये सगळ्यालाच जिग म्हणतात.)

जिग पकडतो भोकाला, ब्रॅकेटला नाही

घरगुती जिगमध्ये सगळ्यात महत्त्वाची वस्तू असते एक सरळ, गोल सळई. एका विशबोनच्या पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही ब्रॅकेटांच्या चारही कानांतून ती आरपार जाते. दोन कानांच्या मध्ये बुशच्या लांबीचा पाइपाचा तुकडा घालतात, म्हणजे कान जवळ येत नाहीत. चारही भोकं एका रेषेत आली की विशबोन न अडकता फिरणार. ती रेषेत नसतील तर बुश पिळला जातो आणि लवकर मरतो.

सळई निवडताना बरेच जण दुकानातला आटे पाडलेला लांब रॉड घेतात. तो स्वस्त असतो, पण बऱ्याचदा किंचित वाकलेला असतो आणि आट्यांमुळे भोकात ढिलाही बसतो. त्यापेक्षा १२ मिलिमीटरच्या बोल्टसाठी १२ मिलिमीटरचीच गुळगुळीत ब्राइट बार चांगली. ती काचेवर लोळवून बघायची. टकटक आवाज आला किंवा खालून उजेड दिसला तर ती सरळ नाही.

आता ही सळई हवेत ठरलेल्या जागी धरायची. त्यासाठी त्याच सपाट फळीवर गाडीची मध्यरेषा आखतात आणि तिला काटकोनात पुढच्या चाकांची रेषा. काटकोन मोठा असल्यामुळे गुण्यावर विसंबत नाहीत, दोन्ही कर्ण मोजून ताडतात. मग लोखंडी अँगलचे खांब फळीला बोल्टने घट्ट बसवतात आणि त्यांना ठरलेल्या उंचीवर भोक पाडून सळई त्यातून घालतात. सगळी मापं मध्यरेषेपासून आणि फळीपासून घ्यायची, चेसिसच्या पाइपापासून नाही.

यानंतर ब्रॅकेट सळईवर ओवून पाइपाला टेकवायचा. तो बहुतेक वेळा नीट टेकत नाही, कुठेतरी फट राहते, कुठेतरी कोपरा अडतो. अशा वेळी कानस घ्यायची आणि ब्रॅकेटचा पाय घासायचा. फट मोठी असेल तर लांब पायाचा नवीन ब्रॅकेट कापायचा. पण सळई 'जराशी' हलवून काम भागवायचं नाही. पाइप चुकलेला असू दे, ब्रॅकेटचा पाय ओबडधोबड असू दे, भोक मात्र ठरल्या जागीच हवं.

वेल्डिंगच्या आधी सळई आणि बोल्टवरचा जस्ताचा चकचकीत थर काढून टाकलेला बरा. तापल्यावर जस्ताचा धूर होतो आणि तो छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो. आचेजवळ लाकडाचा खांबही नको. तो जळतो, आणि जळता जळता सरकतो.

आधी फक्त छोटे टाके. एक टाका या बाजूला, दुसरा समोरच्या बाजूला, म्हणजे ओढ दोन्हीकडे वाटली जाते. पूर्ण थंड होईपर्यंत जिग सोडायचा नाही. मग सळई हाताने ओढून बघायची. अलगद सरकली तर भोकं जागेवर आहेत. हातोडी लागली तर काहीतरी ओढलं गेलंय, आणि आता टाका तोडणं सोपं आहे.

उजवी-डावी बाजू

दोन्ही बाजूंना वेगळे जिग बनवले तर चुकाही दोन वेगळ्या होतात. म्हणून अनुभवी लोक एकच जिग दोन्हीकडे वापरतात. पण तो नुसता उचलून पलीकडे ठेवला तर घोळ होतो. जिगमध्ये भोक दोन मिलिमीटर डावीकडे असेल, तर एका बाजूचं चाक आत जाईल आणि दुसऱ्या बाजूचं बाहेर. जिग आरशातल्यासारखा उलटा करून लावला, तर दोन्ही चाकं सारखीच आत किंवा बाहेर जातील. अशी सारखी चूक बऱ्याचदा निभावून जाते, पण उलटसुलट चूक गाडीला एका बाजूला खेचते.

सगळे ब्रॅकेट टाक्यांवर असतानाच विशबोन, चाकाचा हब आणि स्टिअरिंगचा दांडा बसवून बघतात. स्प्रिंग मात्र लावत नाहीत, म्हणजे चाक हाताने वर-खाली करता येतं. हबला लेझर पॉइंटर बांधून समोरच्या भिंतीवरचा ठिपका बघायचा. चाक उचलताना ठिपका बाजूला पळाला तर बंप स्टिअर आहे. ठिपका समाधानकारक वागला की मगच पूर्ण वेल्डिंग. ब्रिटनमध्ये अशी गाडी रस्त्यावर आणण्याआधी 'आयव्हीए' नावाची सरकारी तपासणी होते आणि तीत स्टिअरिंग-सस्पेन्शनही बघतात.

भारतात घरी बनवलेल्या गाडीची नोंदणी करून ती रस्त्यावर आणणं फार अवघड आहे. पण हेच काम पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये दरवर्षी चालतं. 'बाहा'सारख्या स्पर्धांसाठी मुलं पाइपांची गाडी स्वतः बांधतात. त्यांचे जिग आता बऱ्याचदा लेझरने कापलेल्या एमडीएफच्या किंवा पत्र्याच्या खाचा असलेल्या तुकड्यांचे असतात. कॉम्प्युटरवरचं डिझाइन थेट कापून येतं, त्यामुळे उंची मोजत बसावं लागत नाही. वेल्डिंगची ओढ मात्र तशीच असते, आणि जिगमधून घाईने काढलेली फ्रेम इथेही वाकते.

गाडी झाली की जिग भंगारात द्यायचा मोह होतो. पण गाडी कधी फुटपाथला धडकली आणि ब्रॅकेट वाकला, तर मूळ भोक नेमकं कुठे होतं हे सांगणारी दुसरी कुठलीच वस्तू घरात नसते. म्हणून बरेच जण सळई आणि खांब मापं लिहून भिंतीवर टांगून ठेवतात.