तलावाचे पाणी कोठे जाते?

गोंदिया हा तलावांचा आणि धानाचा जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला; परंतु येथील तलावांची परंपरा शतकानुशतकांची आहे. कोहळी समाजातील कुशल कारागिरांनी व मालगुजारांनी गावोगावी पाळी घालून पावसाचे पाणी अडविले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि हे तलाव शासनाकडे आले. आजही ते ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणूनच ओळखले जातात.

पावसाळ्याच्या अखेरीस तुडुंब भरलेला तलाव वैशाखात तळ दाखवू लागतो. काही पाणी धानाला दिले जाते व काही जमिनीत झिरपते. पण मोठा हिस्सा कोणालाही न दिसता आकाशात निघून जातो. हे कसे घडते, ते समजून घेतले तर त्यावरील उपायही समजतात.

पदार्थाच्या तीन अवस्था

प्रत्येक पदार्थ सूक्ष्म कणांचा बनलेला असतो. पाण्याच्या अशा कणांना रेणू म्हणतात. बर्फात हे रेणू परस्परांशी घट्ट जखडलेले असून जागच्या जागी कंप पावतात. द्रवरूप पाण्यात ते एकमेकांना धरून असतात, पण जागा बदलू शकतात. म्हणून पाणी वाहते आणि भांड्याचा आकार घेते. वाफेत हे बंधन जवळजवळ उरतच नाही.

बंधन तोडण्यास उष्णता खर्च होते. १ ग्रॅम बर्फाचे ० अंश सेल्सिअसला पाणी होण्यास सुमारे ८० कॅलरी लागतात. त्याच पाण्याला ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापविण्यास केवळ ७० कॅलरी पुरतात. मात्र उकळत्या पाण्याची संपूर्ण वाफ होण्यास आणखी ५४० कॅलरी द्याव्या लागतात. ही उष्णता तापमापकावर दिसत नाही, म्हणून तिला सुप्त उष्णता म्हणतात. अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने तिचा शोध लावला.

वाफ पुन्हा पाणी होताना हीच उष्णता परत देते. उकडा तांदूळ तयार करताना भिजविलेल्या धानात वाफ सोडतात. वाफ दाण्यावर निवते, तिची सुप्त उष्णता दाण्याला मिळते आणि आतील पिष्ट शिजून चिकटते. त्यामुळे भरडताना कणी कमी पडते. तसेच कोंड्यालगतची काही जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात.

न उकळता होणारी वाफ

पाण्याची वाफ होण्यास ते उकळलेच पाहिजे असे नाही. पृष्ठभागावरील अधिक वेगवान रेणू कोणत्याही तापमानास निसटून जातात. यास बाष्पीभवन म्हणतात. जाताना ते उष्णता घेऊन जातात. म्हणूनच माठातील पाणी गार होते. ऊन, वारा व कोरडी हवा असेल तर बाष्पीभवन वाढते. हवा दमट असेल तर मंदावते. मे महिन्यात उत्तम चालणारा कूलर जुलैमध्ये निरुपयोगी ठरतो, तो याच कारणाने.

१ हेक्टर पृष्ठभागावरील पाणी १ सेंटीमीटरने उतरले, तर १ लाख लिटर पाणी कमी होते. आता ४० हजार घनमीटर पाणी दोन प्रकारे साठविले आहे असे समजू : एका तलावात १ हेक्टरवर ४ मीटर खोल, दुसऱ्यात २ हेक्टरवर २ मीटर खोल. एका मोसमात १ मीटर पाण्याची वाफ झाली, तर पहिला तलाव चौथा हिस्सा गमावतो, तर दुसरा निम्मा. गाळाने उथळ झालेले तलाव लवकर का आटतात, याचे एक उत्तर या हिशेबात आहे.

गावाने काय करावे

गाळ काढणे हा पहिला उपाय होय. २०१७ मध्ये राज्यात सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा हेतू हाच होता : तलावाला खोली मिळावी आणि शेताला सुपीक माती. मात्र खोदताना तळाचा चिकणमातीचा थर फोडू नये. तसे झाल्यास वाचलेले पाणी झिरपून जाईल. वाऱ्याच्या दिशेने काठावर झाडे राखल्यास पृष्ठभागावरील वाऱ्याचा वेग कमी होतो. मात्र ही झाडे मातीच्या पाळीवर लावू नयेत. त्यांची मुळे पाळीला कमकुवत करतात.

शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून एक सोपा प्रयोग करवून घेता येईल. सरळ काठाचे रुंद भांडे पाण्याने भरून तलावाजवळ उघड्यावर, गुरे पोहोचणार नाहीत असे ठेवावे. पाऊस नसताना व पाणी सोडलेले नसताना भांड्यातील आणि तलावातील पाणी आठवडाभर रोज मोजावे. लहान भांडे लवकर तापते. म्हणून त्यातील घटीचा सुमारे सात दशांश भाग हे तलावाचे बाष्पीभवन समजावे. तलावाची घट याहून बरीच अधिक असल्यास पाळ किंवा तळ पाझरत असल्याचा संशय घ्यावा.

अशी नोंदवही ग्रामपंचायतीकडे असेल, तर गाळ आधी काढावा की पाळ आधी दुरुस्त करावी, याचा निर्णय अंदाजाने घ्यावा लागणार नाही. पाण्याचे रूप बदलणे थांबविता येत नाही. परंतु ते किती बदलू द्यावे, हे काही अंशी गावाच्या हाती आहे.