डोळे उदंड, नजर कुठे?

भिंतीवर कॅमेरा दिसला की आपण निर्धास्त होतो. दुकानदार असो, सोसायटीचा सेक्रेटरी असो की शाळेचा विश्वस्त, सर्वांचा हिशेब एकच : कॅमेरे जितके जास्त तितकी राखण चोख. माझे आयुष्य दूरध्वनी खात्यात केबल टाकण्यात गेले. त्यामुळे कॅमेरा दिसला की त्याच्या पाठीमागून निघालेली वायर कुठे जाते, हे आधी पाहण्याची मला खोड आहे. ही खोड ठाऊक असल्यामुळेच की काय, वसई पूर्वेच्या एका औद्योगिक वसाहतीतील मंडळींनी मला बोलावून घेतले. वालीव, सातिवली, गोखिवरे हा पट्टा ज्यांनी पाहिला आहे त्यांना चित्र डोळ्यांसमोर आणणे अवघड नाही. तीन लांबट इमारती, ऐंशीच्या वर गाळे, मधोमध ट्रक वळवण्यापुरते पटांगण, दोन फाटके आणि महामार्गाकडून दिवसरात्र चालणारी टेंपोंची ये-जा.

निमित्त होते चोरीचे. एका गाळ्यातून तांब्याच्या तारेची दोन रिळे नाहीशी झाली होती. आवारात एकतीस कॅमेरे होते. चित्रण काढून पाहिले, तर फाटकाच्या दिव्याकडे पाठ केलेली, लाल शर्टातली एक आकृती दिसली. चेहऱ्याच्या जागी काळा डाग. तसा लाल शर्ट माल चढवणाऱ्या एका पोराकडे होता. एवढ्यावर त्याचे काम सुटले. दीड महिन्याने रिळे सापडली. दुसऱ्याच गाळ्याच्या चलनावर, दुसऱ्याच मालाबरोबर ती भिवंडीला जाऊन पडली होती. पोरगा तोवर जव्हारकडे आपल्या गावी निघून गेला होता. त्याला निरोप धाडला का, असे मी विचारले. कोणी उत्तर दिले नाही. चहा मागवण्यात आला.

मग नव्या व्यवस्थेचे कोटेशन माझ्यापुढे सरकवले गेले. चौसष्ट कॅमेरे. एकतीस पुरले नाहीत, तेव्हा दुप्पट लावा, असा सरळ हिशेब! कागद बाजूला ठेवून मी दोन संध्याकाळी नुसता आवारात फिरलो. प्रत्येक जागी उभे राहून विचारायचे ते एवढेच की, येथून मला काय कळायला हवे? कोणी आले एवढेच, की आलेला कोण हे? की त्याच्या हातात काय होते? हे तीन प्रश्न वेगळे आहेत आणि एकच कॅमेरा तिन्हींना उत्तर देत नाही.

यामागे साधे गणित आहे, आठवीतल्या मुलालाही जमेल असे. नेहमीच्या दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याच्या चित्रात आडवे १९२० ठिपके असतात. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायचा तर दर मीटरला २५० ठिपके हवेत, परिचित माणूस ओळखायला १२५, आणि ‘कोणीतरी आहे’ एवढेच समजायला २५ पुरतात, असे आंतरराष्ट्रीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत सांगितले होते. म्हणजे चेहरा हवा असेल तर एका कॅमेऱ्याला साडेसात मीटरपेक्षा रुंद जागा देऊन चालत नाही. वसाहतीतला तो जुना कॅमेरा चाळीस मीटरचे पटांगण पाहत होता. मीटरला अठ्ठेचाळीस ठिपके. माणसाचा चेहरा असतो सोळा-एक सेंटिमीटर रुंद. त्याच्या वाट्याला आले जेमतेम आठ ठिपके. आठ ठिपक्यांत चेहरा मावत नाही, शर्टाचा रंग मात्र मावतो. त्या पोराचा रोजगार या आठ ठिपक्यांत गेला.

उंचीचेही तसेच. कॅमेरा कोणी फोडू नये म्हणून पंधरा फुटांवर चढवला की त्याला टोप्या आणि टकले तेवढी दिसतात. चेहऱ्यासाठीचा कॅमेरा सात-आठ फुटांवर, माणसांना एकेक करून जावे लागते अशा चिंचोळ्या जागी हवा. आमच्या येथे ती जागा म्हणजे फाटकाशेजारचा छोटा दिंडी दरवाजा. पश्चिमेकडे तोंड केलेला कॅमेरा संध्याकाळी मावळत्या सूर्यापुढे आंधळा होतो. रात्री टेंपोचे दिवे तेच करतात. म्हणून जागा ठरवायला दुपारी बाराला येणाऱ्या कंत्राटदारावर माझा विश्वास नाही.

वसईकराला हे शास्त्र नवे वाटू नये. आपल्या किल्ल्याचा तट पाहा. बुरूज भिंतीच्या रेषेतून बाणाच्या टोकासारखे बाहेर काढलेले आहेत, ते शोभेसाठी नव्हे. बुरुजावरच्या माणसाला स्वतःच्या पायाशी आलेला शत्रू दिसत नाही. तो शेजारच्या बुरुजावरून दिसतो. कॅमेऱ्यांचे अगदी असेच आहे. प्रत्येकाच्या खाली एक आंधळा कोपरा असतो आणि तो शेजाऱ्याने पाहायचा असतो. आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या फौजेने सॅन सेबॅस्तियन बुरूज उडवला तो खालून सुरुंग लावून, म्हणजे तटावरची नजर पोचत नव्हती तिथून.

आता केबल. या विषयावर मी घरात बोलू लागलो की मंडळी उठून जातात, पण वाचकांनी थोडे थांबावे. आजचा कॅमेरा एकाच तांब्याच्या केबलवरून वीजही घेतो आणि चित्रही पाठवतो. त्या केबलची मर्यादा शंभर मीटर. कोटेशनमध्ये नकाशावर पट्टीने सरळ रेघा ओढून ‘ऐंशी मीटर’ लिहिले होते. केबल काही हवेतून जात नाही. ती भिंत चढते, तुळईला वळसा घालते, जिन्याखालून जाते, पुन्हा उतरते. मी सुतळी घेऊन त्या वाटेने मोजले, तर एकशे पंधरा भरले. असा कॅमेरा बसवला त्या दिवशी चालतो आणि पुढे रुसू लागतो. एका इमारतीतून दुसरीकडे जाताना तर तांबे नकोच, तेथे फायबर घालावी. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. त्यामुळे एका इमारतीवर कोसळलेल्या विजेचा झटका केबलमधून दुसरीत जात नाही.

स्वस्त केबलची गंमत निराळीच. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. ब्लेडने खरवडले की पांढरे दिसते. असा कॅमेरा दिवसभर नीट चालतो आणि अंधार पडून त्याचे स्वतःचे दिवे लागले की जादा वीज न पोचल्यामुळे बंद पडतो. म्हणजे नेमका रात्री! विजेची वायर आणि ही केबल एका पाइपातून नेणारे महाभागही भेटतात. शिवाय आपली हवा खारी. खाडी आणि मिठागरे जवळ, त्यामुळे जोडाच्या पितळी टोकांवर हिरवट बुरशीसारखे चढते. केबल पेटीत खालून शिरावी, आणि शिरण्यापूर्वी तिला एक झोळ द्यावा, म्हणजे पावसाचे थेंब तिथे गळून पडतात. उंदरांसाठी लोखंडी पाइप. कोळ्यांवर मात्र उपाय नाही. कॅमेऱ्याच्या दिव्याला किडे येतात, किड्यांना कोळी येतो, आणि पडद्यावर दोरखंडाएवढे जाळे दिसते. महिन्यातून एकदा केरसुणी, हाच इलाज.

जुना रेकॉर्डर तळमजल्यावर वॉचमनच्या टेबलाखाली होता, पासवर्ड त्याच्याच पाठीवर चिकटवलेला. जुलै २०१८ च्या पुरात रूळ पाण्याखाली जाऊन वसई-विरारच्या लोकल बंद पडल्या होत्या, हे वसईकर विसरतो कसा? पेटी पहिल्या मजल्यावर कुलपात नेली, तिला स्वतंत्र बॅटरी दिली. जुन्या यंत्रात चित्रण नऊ दिवसच टिकत असे. मालाची मोजणी होते महिन्याअखेर. एका कॅमेऱ्याला दर सेकंदाला चार मेगाबिट धरले तर दिवसाचे त्रेचाळीस गिगाबाइट होतात. शेचाळीस कॅमेऱ्यांचे तीस दिवस म्हणजे साठ टेराबाइट. हो, चौसष्टाचे शेचाळीसच झाले, आणि त्यात चेहरे दाखवणारे सहा. त्या सहांत जुन्या एकतिसांना न जमलेले काम होते.

चांगले चित्र हाती आले म्हणजे निभावले असेही नाही. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा अर्ज दुपारी तीनच्या मुदतीनंतर दाखल झाला, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रणाचा. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मूळ यंत्रच कोर्टात आणले नसेल तर चित्रणाच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच, असे न्यायालयाने जुलै २०२० मध्ये ठरवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही प्रमाणपत्राची अट आहे. मोबाइलने पडद्याचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्या मंडळींनी हे ध्यानात घ्यावे.

आराखडा भिंतीवर लावला तेव्हा पॅकिंग विभागातल्या बायका आधी आल्या. पाण्याच्या नळाजवळचा कॅमेरा संडासाच्या दाराकडे पाहतो का, हे त्यांनी पडद्यावर दाखवा म्हणून सांगितले. दाखवले, कडेला थोडे दार येत होते. कॅमेरा फिरवला आणि उरलेला भाग चित्रात काळा करून टाकला.

सर्वांत शेवटी हमालांचे मुकादम आले. कागदाकडे बराच वेळ पाहून म्हणाले, “साहेब, सगळे डोळे आमच्या पाठीवर. एक काट्याकडे लावा ना. वजन कमी भरलं की बोट आमच्याकडे येतं. काट्यावर काय चालतं तेही दिसू दे.”

काट्याकडे कॅमेरा आराखड्यात नव्हता. दोन गाळेवाल्यांनी कुरकुर केली, खर्चाचे कारण पुढे केले. मी सुतळी काढली. स्विचपासून काट्यापर्यंत एकोणचाळीस मीटर भरले, आणि सत्तेचाळिसावा कॅमेरा तेथे बसला.