शर्यत, पराणी आणि न्यायालय

फ्रान्समधील ल माँ येथे १९५५ साली शर्यतीची मोटार प्रेक्षकांवर आदळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. पुढे स्वित्झर्लंडने चक्राकार मार्गावरील मोटार-शर्यतींवर बंदी घातली. आमच्या सातारा-सांगलीकडे शर्यतबंदी आली ती मात्र माणसासाठी नव्हे, बैलासाठी!

केंद्र सरकारने २०११ मध्ये खेळांसाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडी शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायदा बदलला. तो उच्च न्यायालयात अडला. मग राजकारण शिरले. ऑगस्ट २०२१ मध्ये आमदार गोपीचंद पडळकर यांनी आटपाडी तालुक्यात बंदी झुगारून शर्यत भरविली. त्याच डिसेंबरात सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा ग्राह्य ठरविला.

शौकीन विचारतात, ट्रॅक्टर आल्यावर खिलार खोंडाला शर्यतीवाचून मोल कोण देणार? प्राणिमित्र विचारतात, शेपूट पिरगाळून, पराणी टोचून पळविण्यात कसले प्रेम? मी स्वतः शौकीन. तरी दुसरा प्रश्न मला टाळता येत नाही. मोटारीला वेदना नसते, बैलाला असते.

म्हणूनच नियमांत काठी, चाबूक, पराणी यांना मनाई आहे. पण धुरळ्यात पंचांची नजर कितीशी पोहोचणार? पराणी चालताना आपणच शिट्ट्या वाजविल्या, तर न्यायालयात जिंकलेली शर्यत आपण माळावर हरू.