दाढी करताना चेहरा का जळतो? साबण, फेस आणि आपल्या बोअरचे पाणी

गुरुवारी रात्री किंवा जुम्म्याच्या सकाळी परभणीतल्या कुठल्याही मोहल्ल्यातल्या सलूनमध्ये डोकावून पाहा. बाकावर रांग लागलेली असते. कोणाला पूर्ण दाढी काढायची असते, तर कोणी दाढी राखून फक्त गालाचे आणि मानेचे खत बनवून घ्यायला आलेला असतो. दोघांच्या तोंडी एक वाक्य मात्र हमखास असते, "भाई, जरा हळू. मानेवर आग होते."

ही आग आपण इतकी गृहीत धरली आहे की तिच्यावर इलाज असू शकतो हेच विसरलो आहोत. गेल्या वर्षी आमचा एक माजी विद्यार्थी भेटायला आला, तेव्हा आम्ही या गोष्टीकडे पहिल्यांदा गंभीरपणे पाहिले. मुलगा वीस-एकवीस वर्षांचा. हनुवटीखाली आणि मानेवर लाल पुटकुळ्या. कोणाच्या सांगण्यावरून त्याने मेडिकलमधून एक ट्यूब आणून लावली होती. पहिल्या आठवड्यात चेहरा स्वच्छ झाला. दोन महिन्यांनी कातडी पातळ आणि लालभडक झाली, उन्हात उभे राहवेना, आणि ट्यूब बंद केली की पुटकुळ्या दुप्पट. त्या ट्यूबमध्ये कडक स्टेरॉइड होते. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेला, तेव्हा त्यांनी आधी तीनच प्रश्न विचारले. दाढी कोणत्या पाण्याने करतोस? फेस किती वेळ ठेवतोस? एक ब्लेड किती वेळा वापरतोस?

पोरगा नुकताच शहराबाहेरच्या नव्या वस्तीत राहायला गेला होता. तिथे नळ नव्हता, बोअर होते. फेस अर्धा मिनिट, ब्लेड महिनाभर. साबण मात्र महागातला. म्हणजे खर्च एकीकडे आणि दुखणे दुसरीकडे.

फेस कशासाठी असतो?

बहुतेकांना वाटते की फेसाने ब्लेड सरकते, बस्स. ते खरे आहे, पण अर्धेच. दाढीचा कोरडा केस चांगलाच चिवट असतो. तोच केस दोन-तीन मिनिटे पाण्यात राहिला की पाणी शोषून फुगतो, मऊ होतो आणि कमी जोरात कापला जातो. फेसाचे मुख्य काम हे पाणी केसाला धरून ठेवणे. दुसरे काम ब्लेड आणि कातडी यांच्यामध्ये निसरडा थर ठेवणे.

म्हणून पाच सेकंदात चोपडलेला आणि लगेच ओढून काढलेला फेस, मग तो कितीही भारी कंपनीचा असो, उपयोगाचा नाही. केस कोरडाच राहतो, ब्लेड त्याला कापण्याऐवजी खेचते आणि कातडी खरवडली जाते. आग तिथून सुरू होते.

पाण्याची परीक्षा: तीन बाटल्या

आमच्या जिल्ह्यातली खरी अडचण पाण्याची आहे. जमिनीखाली काळा पाषाण, त्याच्या भेगांतून झिरपलेले पाणी बोअरने वर येते. सोबत कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन येते. हीटरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर आणि बादलीच्या कडेला राहणारी रेघ ही त्याचीच खूण. उर्दू माध्यमाच्या पुस्तकात आम्ही याला ‘सख्त पानी’ म्हणतो, मराठी पुस्तकात ‘दुष्फेन पाणी’. मराठी शब्दातच सगळे सांगितले आहे: ज्यात फेस नीट होत नाही ते दुष्फेन.

वर्गात आम्ही एक प्रयोग करतो, तो घरीही करता येतो. एकसारख्या तीन रिकाम्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचे, दुसरीत नळाचे, तिसरीत आरओचे किंवा पावसाचे साठवलेले पाणी अर्ध्यापर्यंत भरा. तिन्हींत साबणाचे सारखेच किसलेले तुकडे टाका आणि सारख्याच वेळा हलवा. कपड्याची पावडर घेऊ नका, ती क्षाराच्या पाण्यातही फेसाळते आणि फरक कळत नाही. आरओच्या बाटलीत फेस वरपर्यंत चढतो. नळाच्या बाटलीचा निकाल गावागावांत वेगळा येतो, कारण कुठे नळाला धरणाचे पाणी आहे, तर कुठे विहिरीचे. बोअरच्या बाटलीत मात्र बऱ्याचदा फेस थोडा आणि पाणी दुधाळ, वर पांढरे कण तरंगताना दिसतात.

ते कण म्हणजे वाया गेलेला साबण. क्षार साबणाला पकडतात आणि त्याचा न विरघळणारा चिकट साका बनतो. दाढी करताना हाच साका चेहऱ्यावर राहतो. वरून धुतल्यासारखे वाटते, पण कातडी ओढल्यासारखी होते आणि खाजते.

उपाय सोपा आहे. दाढीला दीड-दोन तांब्यांपेक्षा जास्त पाणी लागत नाही. तेवढे पाणी आदल्या रात्री चांगले उकळून ठेवा. क्षारांचा एक भाग उकळल्याने तळाशी बसतो. सकाळी वरचे निवळ पाणी हलक्या हाताने ओतून घ्या. सगळा क्षार यात जात नाही, पण फरक पडतो. घरात आरओ असेल तर एक तांब्या त्यातला घ्या. आणखी एक गोष्ट: पाण्यात तुरटी फिरवली की पाणी ‘मऊ’ होते असा समज आपल्याकडे आहे. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, क्षार जात नाहीत.

कोणता साबण बरा?

आंघोळीची वडी: घाईत अनेकजण हीच गालावर चोळतात. ही वडी मळ काढण्यासाठी बनवलेली असते. तिचे बुडबुडे मोठे असतात आणि लगेच बसतात. वेष्टनावरचा टीएफएमचा आकडा जरूर बघा. भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीच्या साबणात तो किमान ७६ टक्के, दुसऱ्या प्रतीत ७० आणि तिसऱ्या प्रतीत ६० टक्के लागतो. पण ७६ टक्क्यांची वडीसुद्धा दाढीच्या साबणाची जागा घेत नाही.

दाढीचा गोल साबण आणि कांडी: वाटीत बसणारा गोल साबण किंवा हातात धरून चोळायची कांडी, दोन्हींत स्टिअरिक आम्ल जास्त असते आणि सोडियमसोबत पोटॅशियमचा साबण मिसळलेला असतो. पोटॅशियममुळे साबण लवकर विरघळतो, स्टिअरिक आम्लामुळे फेस दाट होतो आणि टिकतो. आमचे वडील अशीच एक गोल वडी सहा-सात महिने पुरवायचे. हिशेबाने पाहिले तर आजही हाच स्वस्त पडतो.

ट्यूबमधली क्रीम: हाही साबणच, फक्त पाणी आधीच मिसळलेले. फेस लवकर होतो, म्हणून नवशिक्यांना सोपा. बोटाच्या पेराएवढी क्रीम पुरते, जाहिरातीत दाखवतात तेवढी नको.

डब्यातला फोम: सोयीचा आहे, पण त्यात हवा जास्त. चेहरा आधी नीट भिजवला नाही तर फोम केसावर नुसता बसून राहतो. कातडी नाजूक असेल तर बिनवासाचा घ्या, कारण खाज येण्यामागे अनेकदा साबणापेक्षा त्यातला वास कारणीभूत असतो.

आपल्या वाचकांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो, चरबीचा. घटकांच्या यादीत ‘सोडियम टॅलोएट’ लिहिले असेल तर ती जनावराची चरबी. ‘सोडियम पामेट’ म्हणजे पामतेल, ‘कोकोएट’ म्हणजे खोबरेल. ‘स्टिअरेट’ किंवा ‘स्टिअरिक ॲसिड’ हे वनस्पतीपासूनही बनते आणि चरबीपासूनही, तिथे कंपनीने काय लिहिले आहे ते पाहावे. वनस्पती तेलाचा साबण ही काही नवी गोष्ट नाही. गोदरेजने शंभरेक वर्षांपूर्वीच चरबी न घालता तेलापासून साबण काढला होता.

ब्रशचे केस कोणाचे?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. दाढीचे ब्रश बिज्जूच्या, घोड्याच्या, डुकराच्या केसांचे आणि नायलॉनचे मिळतात. ब्रशवर नुसते ‘प्युअर ब्रिसल’ लिहिले असेल तर व्यापारात त्याचा अर्थ सहसा डुकराचे केस असाच होतो. शंका असेल तर एक तंतू उपटून जाळून पाहा. नायलॉन वितळून त्याची गोळी होते, प्राण्याचा केस जळताना केस जळल्याचाच वास येतो. नायलॉनचा चांगला ब्रश आता सहज मिळतो, तो पटकन वाळतो आणि शंकाही राहत नाही.

ब्रश स्वच्छ असणे हा फक्त टापटिपीचा विषय नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत काही सैनिकांना आणि नागरिकांना दाढीच्या ब्रशमुळे अँथ्रॅक्स झाला होता. घोड्याचे केस निर्जंतुक न करता ब्रशला लावले गेले होते. आज ती भीती नाही, पण ओला ब्रश डब्यात कोंडून ठेवला तर त्यात जंतू वाढणारच. वापरानंतर धुवा, झटका आणि मोकळ्या हवेत वाळवा.

फेस करण्याची रीत

१. आधी चेहरा कोमट पाण्याने दोन मिनिटे भिजवा. आंघोळीनंतर दाढी केली तर हे काम आपोआप होते. फार गरम पाणी नको, थंडीच्या लाटेत तर मुळीच नको, कातडी आणखी कोरडी पडते.

२. ब्रश पाण्यात बुडवून हलकेच झटका. साबणावर वीस-तीस सेकंद गोल फिरवा. पाणी क्षाराचे असेल तर साबण थोडा जास्त घ्या.

३. आता वाटीत किंवा थेट गालावर घोटा आणि पाणी थेंबाथेंबाने घाला. फेस ताकासारखा पातळ झाला तर ओघळतो, कोरडा राहिला तर ब्लेड अडकते. घोटलेल्या चक्क्यासारखा दाट, चकचकीत आणि बुडबुडे न दिसणारा फेस आला की समजावे जमले.

४. वाटीत की गालावर? केस राठ आणि कातडी धडधाकट असेल तर गालावर गोल फिरवून घोटलेले चांगले, केस उभे राहतात. पुटकुळ्या असतील तर वाटीत घोटा आणि ब्रश रंग दिल्यासारखा वर-खाली हलका फिरवा. जोरात घासल्याने पुटकुळ्या फुटतात.

५. फेस दोन मिनिटे राहू द्या. मग केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेने ब्लेड चालवा. मानेवर ही दिशा बदलते, बोट फिरवून आधी बघून घ्या. उलट्या हाताने गुळगुळीत दाढी करण्याच्या नादात केस कातडीच्या आत कापला जातो, मग तो आतच वळून वाढतो आणि गाठ येते. कुरळ्या केसांना हा त्रास जास्त.

६. शेवटचा तांब्या उकळलेल्या किंवा आरओच्या पाण्याचा घ्या, म्हणजे साका राहणार नाही. तुरटी लावायची तर एकदा हलकी फिरवून धुऊन टाका. ती बारीक रक्त थांबवते, पण कातडी कोरडीही करते. झोंबणाऱ्या अल्कोहोलच्या आफ्टरशेव्हपेक्षा साधे बिनवासाचे मॉइश्चरायझर बरे.

सलूनमध्ये जाताना

घरी कितीही काळजी घेतली तरी सलूनमधली एक तुरटी दहा जणांच्या गालावरून फिरत असेल तर काय फायदा? हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस टिकतो. म्हणून नवे ब्लेड आपल्या डोळ्यांसमोर उघडून लावायला सांगा. ब्रश, तुरटी आणि छोटा टॉवेल घरून न्या. सलूनवाल्या भाईला याचे वाईट वाटत नाही. आमच्या ओळखीचे चाचा तर म्हणतात, "सर, गिऱ्हाईकानं सामान आणलं तर माझंच काम हलकं होतं." हज-उमऱ्याला जाणाऱ्यांनी डोके करतानाही हाच नियम पाळावा. अकीक्याच्या वेळी बाळाच्या डोक्याला साबण-क्रीम काही लावू नये. स्वच्छ कोमट पाणी, नवे ब्लेड आणि सराईत हात पुरे.

पू होत असेल, गोल चट्टे पसरत असतील किंवा दोन आठवड्यांत फरक नसेल तर दाढी थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. सरकारने २०१८ मध्ये अनेक स्टेरॉइड मलमांची विनाचिठ्ठी विक्री बंद केली, ती उगाच नाही. चेहऱ्यावर कोणतीही ट्यूब विचारल्याशिवाय लावू नका.

आमच्या त्या विद्यार्थ्याचा चेहरा सावरायला पाच महिने लागले. त्याने महागाचा साबण सोडला, साधी गोल वडी घेतली आणि आता आईने रात्री उकळून ठेवलेल्या पाण्याने दाढी करतो. परवा भेटला तेव्हा हसून म्हणाला, "सर, तीन बाटल्यांचा प्रयोग सातवीत केला होता. तेव्हा फक्त मार्कांसाठी लिहिला."