स्त्रीदेहाची ओळख : जमाखर्चाइतकीच आवश्यक

चिपळूणहून कुंभार्ली घाटाकडे जाताना अलोरे हे गाव लागते. कोयना जलविद्युत प्रकल्पाच्या वसाहतीमुळे या गावाचे नाव दूरवर पोहोचले. अशा गावांतील दुकानांत सॅनिटरी पॅडचे पाकीट आजही बहुधा वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळूनच गिऱ्हाइकाच्या हाती दिले जाते. जुलै २०१८ मध्ये या वस्तूवरील १२ टक्के जीएसटी पूर्णपणे रद्द झाला. व्यापाऱ्याच्या हिशेबात तो बदल तत्काळ उतरला. कागदाचे वेष्टन मात्र अद्याप सुटलेले नाही.

वास्तविक या विषयावरील मौन मोडण्याचा मोठा प्रयत्न याच जिल्ह्याच्या सुपुत्राने केला. दापोली तालुक्यातील मुरुड येथे १८८२ साली जन्मलेले र. धों. कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. त्यापायी त्यांना नोकरी सोडावी लागली, न्यायालयाची पायरीही चढावी लागली. जे ज्ञान देण्यासाठी त्यांनी एवढी किंमत मोजली, ते आज शालेय पाठ्यपुस्तकात आहे. घरातील संभाषणात मात्र क्वचितच असते.

जन्मजात ठेव

ओटीपोटात गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंस बदामाच्या आकाराची दोन अंडाशये असतात. मुलगी जन्मते तेव्हाच त्यांत सुमारे दहा ते वीस लाख अपक्व स्त्रीबीजे असतात. ही अशी ठेव आहे, की जिच्यात पुढे नवी भर पडत नाही. वयात येईपर्यंत त्यांतील तीन-चार लाखच उरतात आणि संपूर्ण आयुष्यात जेमतेम चारशे ते पाचशे बीजे परिपक्व होऊन बाहेर पडतात. वाढत्या वयाबरोबर गर्भधारणेची शक्यता का घटते, याचे उत्तर या हिशेबातच आहे. शिक्षण वा व्यवसाय यांमुळे विवाह उशिरा होणाऱ्या कुटुंबांनी तो अवश्य ध्यानात घ्यावा.

अंडाशयातून सुटलेले बीज सुमारे दहा-बारा सेंटिमीटर लांबीच्या बीजवाहिनीत शिरते. तेथे ते साधारण एक दिवस जिवंत राहते. पुरुषबीजाशी त्याचा संयोग झाल्यास गर्भ गर्भाशयाकडे सरकतो आणि सुमारे आठवडाभरात तेथील मऊ अस्तरात रुजतो.

मुलगा की मुलगी, हे याच संयोगाच्या क्षणी ठरते. स्त्रीबीजात नेहमी ‘एक्स’ गुणसूत्रच असते. पुरुषबीजात ‘एक्स’ किंवा ‘वाय’ असते. म्हणजे अपत्याचे लिंग पित्याकडून आलेल्या बीजावर ठरते, आणि त्यावर पित्याचीही सत्ता नसते. पेढीला वारस हवा म्हणून सुनेला दोष देणाऱ्यांचा हिशेब मुळातच चुकीच्या खात्यात मांडलेला असतो. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला, हेही स्मरणात असावे.

मासिक पाळी म्हणजे काय?

गर्भाशय हा पेअर फळाच्या आकाराचा, एरवी सुमारे साडेसात सेंटिमीटर लांबीचा स्नायूंचा अवयव आहे. अंडाशयातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकांमुळे दरमहा त्याचे अस्तर जाड होते. गर्भ राहिला नाही, तर संप्रेरकांचे प्रमाण उतरते आणि ते अस्तर रक्तासह बाहेर पडते. गर्भाच्या स्वागतासाठी केलेली तयारी आवरली जाते, एवढाच याचा अर्थ. त्यात अशुद्ध असे काही नाही. प्रौढ स्त्रीमध्ये २१ ते ३५ दिवसांचे चक्र सर्वसाधारण मानले जाते. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत थोडी अनियमितता असू शकते.

गर्भाशयाचा खालचा अरुंद भाग म्हणजे गर्भाशयमुख. गर्भारपणात हे दार घट्ट मिटलेले राहते आणि प्रसूतीच्या वेळी उघडते. काही स्त्रियांत ते अकाली सैल पडून वारंवार गर्भपात होतो. मूळ गोव्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी ते टाक्याने आवळून धरण्याची शस्त्रक्रिया १९५५ मध्ये जगापुढे मांडली. ‘शिरोडकर टाका’ हे नाव आजही जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत आढळते. याच मुखाचा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. ९ ते १४ या वयातील मुलींना त्यावरील लस दिल्यास सर्वाधिक लाभ होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनविलेली भारतीय लसही आता उपलब्ध आहे. लस घेतली, तरी पुढे ठराविक काळाने तपासणी करून घेणे आवश्यकच असते.

‘पिशवी काढून टाका’

अज्ञानाची किंमत किती मोठी असते, हे बीड जिल्ह्याने दाखविले. तेथील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये ऐरणीवर आला. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षण झालेल्या सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. पाळीमुळे कामावर खाडा पडला की मुकादम पैसे कापतो. त्यात कर्करोगाची भीती घातली जाते. मग तरुण स्त्रीही शस्त्रक्रियेस तयार होते. अंडाशयेही काढली गेल्यास रजोनिवृत्ती एकाएकी ओढवते व हाडे लवकर ठिसूळ होतात.

सुस्थित घरांतही ‘मुले झाली, आता पिशवीचे काय काम?’ असे सहज म्हटले जाते. शस्त्रक्रिया कधी कधी खरोखर अटळ असते; परंतु तातडीचा प्रसंग नसेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हितावह. दुकानाची जागा घेताना कागदपत्रे दोनदा तपासणाऱ्या कुटुंबाला हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

केव्हा थांबू नये

पाळीत अतिरक्तस्राव, दैनंदिन काम अशक्य करणारी वेदना, दोन पाळ्यांच्या मधे किंवा संबंधानंतर रक्तस्राव, यांपैकी काहीही आढळल्यास तपासणी करून घ्यावी. सलग बारा महिने पाळी न आल्यास रजोनिवृत्ती झाली असे मानतात. त्यानंतर एक थेंब रक्त दिसले, तरी विलंब न करता स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. अनेक घरांतील आजी ही गोष्ट संकोचाने लपवितात, आणि बऱ्या होऊ शकणाऱ्या आजाराला वेळ मिळतो. अलोरे परिसरातील कुटुंबांना चिपळूण शहर, तसेच डेरवणचे वालावलकर रुग्णालय आवाक्यात आहे.

पाळीच्या तारखा, दिवस व त्रास यांची नोंद घरातील प्रत्येक मुलीने वहीत ठेवावी. डॉक्टर पहिला प्रश्न त्याचाच विचारतात. आणि दुकानात पाकीट मागितले गेले, तर ते साबणाच्या वडीसारखे सरळ हातात द्यावे.