इटालियनचा विद्यापीठीय अभ्यास आणि जुन्नर-आंबेगावचा मराठी विद्यार्थी

एखादी परकी भाषा शिकणे आणि त्या भाषेचा व संस्कृतीचा मुख्य विषय म्हणून विद्यापीठात अभ्यास करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत व्याकरण, संभाषण आणि व्यवहारापुरते वाचन यांवर भर असतो. दुसरीत भाषेचा इतिहास, वाङ्मयाची परंपरा, मूळ संहितांचे वाचन आणि त्या संहिता ज्या समाजात निर्माण झाल्या त्या समाजाचे ज्ञान अभिप्रेत असते. इटालियन हा असा मुख्य विषय घेऊन पदवी संपादन करण्याची सोय दिल्ली विद्यापीठात आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला मात्र हा विषय दूरचा वाटतो. जुन्नर वा आंबेगाव तालुक्यातील पदवीधराने इटालियन का शिकावी, असे विचारले तर परदेशगमन किंवा पर्यटन व्यवसाय एवढीच उत्तरे मिळतात. प्रत्यक्षात या दोन तालुक्यांच्या भूमीवर उभे राहून पाहिले तरी या अभ्यासाची वाङ्मयीन कारणे दिसू लागतात. त्यांपैकी तीन येथे विचारात घेतली आहेत.

पहिले कारण भाषेच्या प्रतिष्ठेचे. ज्ञानेश्वरांनी ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदविले अशी आख्यायिका आहे, त्याची समाधी जुन्नर तालुक्यातील आळे येथे दाखविली जाते. आख्यायिकेची ऐतिहासिकता बाजूला ठेवली, तरी पवित्र वाणीवर अधिकार कोणाचा, हा तिच्यातील प्रश्न खरा आहे. 'ज्ञानेश्वरी' शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, सिद्ध झाली. ज्ञानेश्वरांचा समकालीन दान्ते (१२६५-१३२१) याने पुढील शतकाच्या आरंभी लोकभाषेच्या सामर्थ्याचे विवेचन करणारा 'दे वुल्गारी एलोक्वेन्तिआ' हा ग्रंथ लिहिला. तो पंडितांना उद्देशून असल्यामुळे लॅटिनमध्ये लिहिला. आपले महाकाव्य मात्र त्याने लोकभाषेत रचले. या साम्यावरून दोघांना एका मापाने मोजणे योग्य होणार नाही. ज्ञानेश्वरांपुढे गीतेसारखा मान्य ग्रंथ होता व त्यांनी त्यावर टीका लिहिली. दान्तेने स्वतंत्र कथारचना उभारली. दोघांच्या भाषांचा पुढील प्रवासही वेगळा आहे. पिएत्रो बेंबो याने १५२५ मध्ये चौदाव्या शतकातील फ्लॉरेन्सची भाषा हाच वाङ्मयाचा आदर्श ठरविला. मान्झोनी याने आपली १८२७ ची कादंबरी समकालीन फ्लॉरेन्सच्या बोलीला अनुसरून पुन्हा संस्कारित केली आणि ती १८४० ते १८४२ या काळात नव्याने प्रसिद्ध केली. १८६१ मध्ये इटली हे एक राष्ट्र झाले, तेव्हा इटालियन भाषा बोलू शकणारे लोक शेकडा अडीचच्या आसपास असावेत, असा अंदाज तुल्लिओ दे माउरो याने १९६३ च्या आपल्या ग्रंथात मांडला. हा अंदाज फार कमी आहे, असे इतर अभ्यासकांनी नंतर दाखविले. तरीही वाङ्मयाची भाषा आणि घरची बोली यांत केवढे अंतर असू शकते, हे त्यावरून कळते.

दुसरे कारण याच अंतराशी निगडित आहे. आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगराळ पट्ट्यातील महादेव कोळी आणि ठाकर मुले घरी जी बोली बोलतात, ती पाठ्यपुस्तकातील मराठीहून वेगळी आहे. शाळेत आल्यावर हीच बोली चूक ठरते. आन्तोनिओ ग्राम्शी सार्डिनिया बेटावर जन्मला आणि तुरीन विद्यापीठात भाषाविज्ञान शिकला. तुरुंगात पडल्यानंतर १९२७ मध्ये बहिणीला लिहिलेल्या पत्रात त्याने घरातील मुलांना सार्डिनियन मोकळेपणाने बोलू द्यावे, असा आग्रह धरला. त्याच वेळी राष्ट्राच्या समान भाषेची गरज त्याने कधी नाकारली नाही. मराठी अभ्यासकांना ग्राम्शी प्रामुख्याने इंग्रजीतून परिचित झाला. त्या परिचयात 'सबाल्टर्न' ही संज्ञा पुढे आली आणि बोलीचा विचार करणारा भाषाभ्यासक मागे राहिला. मूळ इटालियन वाचणाऱ्याला दोन्ही बाजू एकत्र पाहता येतात.

तिसरे कारण इतिहाससाधनांचे आहे. शिवाजी महाराजांचे जन्मस्थान असलेली शिवनेरी जुन्नर शहरालगत आहे. महाराजांना प्रत्यक्ष भेटलेल्या युरोपीयांपैकी निकोलाओ मनुची हा व्हेनिसचा. १६६५ मध्ये जयसिंगाच्या छावणीत त्यांचे संभाषण झाले. मनुचीला फार्सी व हिंदुस्थानी येत असल्याने दुभाष्याची गरज पडली नाही. पोर्तुगालच्या राजाखेरीज दुसरा राजा युरोपात नसावा, असा महाराजांचा समज होता आणि आपण त्यांना इतर राजांची माहिती दिली, असे तो सांगतो. हा वृत्तांत त्याने अनेक वर्षांनी नोंदविला. लेखनिक बदलत गेल्यामुळे ग्रंथाचे काही भाग इटालियनमध्ये, काही पोर्तुगीजमध्ये, तर काही फ्रेंचमध्ये आहेत. 'स्तोरिआ दो मोगोर' या नावातच इटालियन आणि पोर्तुगीज शब्द एकत्र आले आहेत. कात्रू या जेझुइटाने १७०५ मध्ये फ्रेंचमध्ये त्याचा स्वैर अवतार प्रसिद्ध केला. त्यामुळे संतापलेल्या मनुचीने आपले लेखन व्हेनिसच्या सिनेटकडे पाठविले. विल्यम अर्विनने बर्लिन आणि व्हेनिस येथील हस्तलिखितांच्या आधारे १९०७-०८ मध्ये चार खंडांत इंग्रजी भाषांतर सिद्ध केले, आणि मराठी इतिहासलेखनाची भिस्त मुख्यतः त्यावरच राहिली. म्हणजे हिंदुस्थानीत वा फार्सीत झालेले संभाषण स्मृतीतून परक्या भाषेत, तेथून इंग्रजीत आणि शेवटी मराठीत आले. या प्रवासात एखादे विशेषण कोणाचे, हे मूळ पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. सावरकरांचे १९०७ मधील मॅझिनीचे मराठी रूपही इंग्रजीवरूनच सिद्ध झाले होते. त्या पुस्तकाचे महत्त्व यामुळे उणावत नाही. मात्र मराठीचा इटलीशी असलेला संबंध किती अप्रत्यक्ष राहिला, हे त्यातून दिसते.

याच्या उलट दिशेचे उदाहरण उपलब्ध आहे. व्हेनिस येथील का' फोस्कारी विद्यापीठातील आन्तोनिओ रिगोपौलोस यांनी दत्तात्रेय परंपरा (१९९८) आणि महानुभाव पंथ (२००५) यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले आहेत. इटलीतून मराठी परंपरेकडे पाहणारी दृष्टी आहे. तिच्या तोडीची, मराठीतून इटालियन परंपरेकडे मुळातून पाहणारी दृष्टी तयार व्हावयास हवी.

या अभ्यासाच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. केवळ प्रमाणपत्रापुरत्या इटालियनने सतराव्या शतकातील हस्तलिखित वाचता येणार नाही, आणि मनुचीसाठी पोर्तुगीज व फ्रेंच यांचीही जोड लागेल. ही अनेक वर्षांची साधना आहे, आणि प्रत्येक विद्यार्थ्याने ती करावी अशी अपेक्षा नाही. तथापि, दोन बोलींच्या मध्ये वाढलेला, ओवी कानावर असलेला आणि शिवनेरीच्या परिसरात शिकलेला विद्यार्थी या विषयाकडे रिकाम्या हाताने जात नाही. भाषेचा प्रश्न त्याने पुस्तकात वाचण्यापूर्वी वर्गात अनुभवलेला असतो. महाविद्यालयीन अध्यापकांनी अशा एखाद्या विद्यार्थ्याला 'इटालियनचा उपयोग काय' असे विचारण्याऐवजी, इंग्रजीच्या मध्यस्थीने आलेले कोणते पान मुळातून पुन्हा वाचावयाचे, हे विचारणे अधिक फलदायी ठरेल.